दोन्ही घरची पाहुणी



गेल्या रविवारी आमच्या बेंगळुरूच्या घरात ताटातल्या इडल्या गार झाल्या, कारण टेबलावर एक प्रश्न येऊन पडला होता: राक्षसाला वैद्य होता यावं की नाही?

प्रश्न लेकीचा. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. ११ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेत 'द गेम अवॉर्ड्स'च्या सोहळ्यात बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने 'डिव्हिनिटी' नावाचा नवा गेम जाहीर केला. आपल्याकडे तेव्हा १२ तारखेची सकाळ होती. एरवी आठच्या आधी न उठणारी ही मुलगी त्या दिवशी उजाडायच्या आत मोबाइल धरून बसली होती. तेव्हापासून एका वहीत यादी चालू आहे: नव्या गेममध्ये कोण कोण होता यायला हवं.

ज्यांनी असले गेम कधी बघितलेच नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे स्वतः पात्र होऊन गोष्टीत शिरायचे खेळ. शिरण्याआधी दोन गोष्टी निवडायच्या असतात. एक 'रेस', म्हणजे वंश: माणूस, एल्फ म्हणजे टोकदार कानांचे दीर्घायुषी लोक, ड्वार्फ म्हणजे डोंगर पोखरणारे बुटके कारागीर, वगैरे. दुसरी 'क्लास', म्हणजे पेशा: योद्धा, जादूगार, चोर, गवई, आजारी माणसाला बरं करणारा पुजारी. याच स्टुडिओचा आधीचा गेम, 'बाल्डर्स गेट ३', ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात वंश ११ आणि पेशे १२. गुणाकार केला तर १३२ जोड्या होतात. कुठलीही घ्या, गोष्ट तुमच्यासाठी थोडी वेगळी वळते.

पालकांसाठी एक सूचना आधीच देऊन ठेवते. 'बाल्डर्स गेट ३' मोठ्यांसाठीच आहे, युरोपात त्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे. 'डिव्हिनिटी'चा पहिला ट्रेलरही रक्तबंबाळ आहे, तो लहान मुलांना मांडीवर घेऊन बघू नका. यादी करायला मात्र वयाची अट नाही. आमच्या यादीत सत्तरी ओलांडलेल्या दोघीजणी सामील झाल्या. एक माझी आई, म्हणजे लेकीची आजी, कुडाळहून व्हिडिओ कॉलवर. दुसरी माझ्या सासूबाई, म्हणजे तिची अज्जी, मूळच्या पुत्तूरच्या, आता आमच्याजवळ असतात. मराठीत आजी, कन्नडमध्ये अज्जी. एका 'ज'चा फरक.

पहिली मागणी: जन्म आणि पेशा यांची गाठ नको

हे सगळे खेळ ज्याच्यातून निघाले, तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. कॉम्प्युटर नाही, नुसते कागद, पेन्सिल आणि फासे. त्यात एक नियम होता: ड्वार्फ असाल तर योद्धाच व्हायचं, तेही ठरावीक पायरीपर्यंत. पुढे १९८१ च्या पेटीत तर वंश हाच पेशा झाला. माणूस असाल तर योद्धा, चोर, जादूगार यांतलं काहीही व्हा. ड्वार्फ असाल तर ड्वार्फ, बस्स.

हे वाचून माझ्या नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "हे आपल्याला नवीन आहे का?" म्हणाला.

नाहीच नवीन. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा मुलगा कुंभार, आणि कोणी गावाबाहेर राहायचं तेही जन्मावरूनच ठरलेलं. बारा बलुतेदारांचं कौतुक आपण शाळेच्या निबंधात लिहिलं. त्यातल्या एखाद्याला दुसरं काही व्हावंसं वाटलं असेल का, हे मात्र निबंधात कधी आलं नाही.

खेळाला हा नियम मोडायला २००० साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीत कुठल्याही वंशाला कुठलाही पेशा खुला झाला. २०२४ च्या नियमपुस्तकात तर 'रेस' हा शब्दच गेला, त्या जागी 'स्पीशीज' आला. ताकद, चपळाई, हुशारी यांचे जादा गुणही आता जन्मावरून मिळत नाहीत. तुम्ही आधी काय काम करत होता, कुठे वाढलात, यावरून मिळतात. कागदावरच्या खेळाला हे करायला पन्नास वर्षं लागली. 'डिव्हिनिटी'ने एक पाऊलही मागे जाऊ नये, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे.

दुसरी मागणी: एका रकान्यात दोन नावं

लेक 'बाल्डर्स गेट ३' खेळते तेव्हा दरवेळी हाफ-एल्फच होते. एक पालक माणूस, एक एल्फ. कारण तिला विचारावं लागलं नाही.

ती सहावीत असताना शाळेतून एक फॉर्म आला होता. 'मातृभाषा' या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात दोन नावं लिहिली: मराठी, कन्नड. फॉर्म परत आला तेव्हा दुसऱ्या नावावर काट होती. "एकच लिहायचं असतं म्हणे," ती म्हणाली आणि दप्तर भरायला लागली. त्या रात्री अज्जीशी ती कन्नडमध्ये बोलली नाही. अज्जीने मला काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात न सांगता नीर डोसे भरून दिले.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनेही हीच काळजी बोलून दाखवली होती. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," ती म्हणाली होती. "मुलं ना इकडची राहतील, ना तिकडची."

आता गंमत बघा. 'बाल्डर्स गेट ३' मधल्या हाफ-एल्फला एल्फ बाजूकडून अंधारात दिसणारे डोळे मिळतात, जादूने झोपवायला गेलं तरी झोप लागत नाही. माणसांच्या बाजूकडून भाला आणि ढाल चालवायचं शिक्षण मिळतं. दोन्ही घरचा पाहुणा भरल्या पोटी! हे मी आईला फोनवर सांगितलं, तर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं केलंन त्या गेमवाल्यांनी."

पण २०२४ च्या त्या नव्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे स्वतंत्र वंश उरलेच नाहीत. 'अर्धा' असा शिक्का मारणंच चुकीचं, असं त्यामागचं म्हणणं. म्हणणं पटण्यासारखं आहे. लेकीचं उत्तरही ऐका: "अर्धी म्हणू नका, चांगलंच आहे. पण म्हणून मला पुस्तकातूनच काढायचं?"

लॅरियनच्या २०१७ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' मध्ये माणूस, एल्फ, ड्वार्फ आणि लिझर्ड म्हणजे सरडेमाणूस हे चार वंश होते, आणि या चारांचे मेलेले, हाडांचे अवतार. मिश्र घरातलं कोणी तिथे निवडता येत नव्हतं. नव्या गेममध्ये ते यावं. 'हाफ' हा शब्द नको असेल तर नको. फक्त दोन खुणा करायची सोय द्या, आणि दोन्ही आज्या गोष्टीत असू द्या.

तिसरी मागणी: राक्षस होता यावं

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात आपला राक्षस आहे. वाघाचं डोकं, हातात चिलीम, अंगात साहेबी कोट. आपल्याकडून तिकडे गेलेला हा पाहुणा, पण यादी मारायच्या प्राण्यांची. तिथे तो भेटला की तलवार काढायची, एवढंच.

आमच्या दोन्ही आज्यांना हे मुळीच मान्य नाही.

अज्जीचं बालपण यक्षगान बघण्यात गेलं. तिथे राक्षसाच्या भूमिकेला 'बण्णद वेष' म्हणतात, म्हणजे रंगाचा वेष. तांदळाच्या पिठाचे आणि चुन्याचे काटे चेहऱ्यावर एकेक करून चढवायला तासन्तास लागतात. अज्जी सांगते, देव स्टेजवर आले तरी पोरं झोपलेली असायची, बण्णद वेष येणार म्हटलं की एकमेकांना हलवून उठवायची. इकडे आमच्या कुडाळकडे दशावतारात संकासुर येतो. वेद चोरणारा असुर, शेवटी विष्णूच्या हातून मरतो, पण मरेपर्यंत मालवणीत सगळ्या गावाची टोपी उडवतो. लहानपणी मी त्याला घाबरून आईच्या पदरात तोंड लपवायचे आणि एका डोळ्याने बघायचे. विष्णू काय बोलला ते आठवत नाही, संकासुर आठवतो.

आता तो रविवारचा प्रश्न. राक्षसाला वैद्य होता यावं का? निकाल आजीने कुडाळहून दिला. "लक्ष्मणाक कोणी वाचवल्यान? सुषेण वैद्यान. तो खयचो? लंकेचो!" मी पडताळून बघितलं. वाल्मीकींकडे सुषेण हा वानर आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात मात्र तो लंकेचाच वैद्य, आणि हनुमान त्याला घरासकट उचलून आणतो. शत्रूच्या गावचा माणूस, पण नाडी धरताना त्याने रोग्याचा पक्ष बघितला नाही. एवढं चांगलं पात्र आपल्याकडे पडून असताना राक्षसाच्या हातात नुसती चिलीम द्यायची?

लॅरियनला हे जमणार नाही असं नाही. 'ओरिजिनल सिन २' मध्ये हाडांचा माणूस होऊन खेळलात तर गावात शिरताना चेहरा झाकावा लागतो, नाहीतर लोक घाबरून अंगावर येतात. विषाने तो बरा होतो आणि औषधाने जखमी. लेक म्हणते, तो झाकलेला चेहरा घेऊन तासभर गावात फिरलं की समजतं, नुसतं दिसण्यावरून कोणाला दारातून परत पाठवणं म्हणजे काय.

चौथी मागणी: आमचेही पेशे घ्या

या वहीत पेशांची तीन नवी पानं आहेत.

गोंधळी: संबळ, तुणतुणं आणि दिवटी घेऊन रात्र जागवणारा. परदेशी गेममधला गवई गाऊन सोबत्यांना धीर देतो, गोंधळी तर थेट देवतांनाच नाव घेऊन बोलावतो.

बहुरूपी: आज पोलीस, उद्या साधू. कुलूप न तोडता दार उघडायला लावणारा.

राखणदार: कोकणात रात्री शेता-बागांवर नजर ठेवणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा, अशी ज्याच्याबद्दल समजूत आहे तो.

यातले गोंधळी आणि बहुरूपी आपल्याकडे जन्मानेच ठरत आले, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते गेममध्ये यावेत. तिथे ज्याला गोंधळी व्हायचं असेल तो होईल, आणि गोंधळ्याच्या घरात जन्मलेलीला जादूगार व्हायचं असेल तर तीही होईल.

हे दूरचं स्वप्न वाटत असेल तर आमच्या शहराकडे बघा. १९९७ मध्ये इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू झाली, देशातल्या पहिल्यावहिल्या गेम कंपन्यांपैकी एक. 'फोर्झा'सारख्या जगप्रसिद्ध गेममधल्या गाड्या इथल्या कलाकारांनी घडवल्या. २०१९ मध्ये ती कंपनी रॉकस्टारने विकत घेतली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला, सर्कशीतली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते त्याची गोष्ट. त्यात तुम्ही राजीच असता, निवड नाही. लेखक अमीश त्रिपाठी आणि अमिताभ बच्चन यांच्या तारा गेमिंगचा 'द एज ऑफ भारत'ही येऊ घातलाय. हात आपल्याकडे आहेत, गोष्टीही आहेत. लेकीची वही कधीतरी बेल्जियमऐवजी घराजवळच्याच पत्त्यावर पाठवता येईल, अशी मला आशा आहे.

आणि शेवटी

ज्या सकाळी 'डिव्हिनिटी' जाहीर झाला, त्या १२ डिसेंबरला रजनीकांतचा ७५ वा वाढदिवस होता. अज्जी सकाळपासून टीव्हीसमोर. १९५० मध्ये याच बेंगळुरूत मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड, वाढला कन्नड मुलखात, इथल्याच बसमध्ये कंडक्टरची तिकिटं फाडली आणि नाव काढलं तमिळ सिनेमात. लेकीने वहीत त्याचंही पान केलंय. 'वंश' पुढे तिने लिहिलं, 'याव ऊरु?' कन्नडमध्ये याचा अर्थ, तुमचं गाव कुठलं? बेंगळुरूत अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच. 'पेशा' पुढे लिहिलं, 'आधी कंडक्टर, मग काहीही.'

तुम्हीही एकदा जेवताना घरी विचारून बघा: कोण व्हायला आवडेल? मात्र सगळ्यात लहान माणसाला आधी बोलू द्या, आणि त्याचं उत्तर ऐकून "असं नसतं" म्हणू नका.

आमच्याकडे शेवटी आजीने विचारलं, "आणि गो, मी कोण तुझ्या त्या गेमात?"

लेकीने वही चाळलीसुद्धा नाही. "तू राखणदार. दोन्ही आज्या राखणदार."

कुडाळहून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.