दंड दुकानाचा, कपात पोराच्या पगारातून

आमच्या गल्लीतला एक तरुण कपड्यांच्या होलसेल दुकानात हेल्पर आहे. टेम्पोतून माल उतरवायचा, खोकी फोडायची, गठ्ठे माळ्यावर चढवायचे आणि रात्री शटर पडण्याआधी झाडू मारायचा. पगार १४,००० रुपये. गेल्या महिन्यात त्याच्या हातात ९,००० पडले. त्याने विचारले तेव्हा शेठ म्हणाले, "पाच हजार कॉर्पोरेशनवाले घेऊन गेले. कचरा तू टाकलास ना? मग मी का भरू?"

पोरगा गप्प घरी आला. तीन दिवसांनी त्याची अम्मी माझ्याकडे आली. तक्रार करायला नाही, उसने मागायला. भाड्यात कमी पडत होते. तिच्याशी बोलताना हे प्रकरण कळले, नाहीतर कळलेही नसते.

आधी कचऱ्याचे सांगतो, कारण सगळे म्हणतात की चूक तर झालीच आहे. दुकान सकाळी अकराला उघडते. घंटागाडी आठला येऊन निघून जाते. दुकानाचा कचरा म्हणजे पुठ्ठे, प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, पॅकिंगचा कागद. तो रात्री कुठे ठेवायचा? ठरलेली जागा म्हणजे कोपऱ्यावरची विजेची पेटी. हा पोरगा कामाला लागला त्या दिवशी त्याला ती जागा शेठच्या माणसानेच दाखवली. त्याच्या आधीचा हेल्परही तिथेच टाकायचा. कॉर्पोरेशनच्या पथकाने एका सकाळी खोकी उलटी करून पाहिली, पार्सलच्या लेबलवर दुकानाचे नाव मिळाले आणि दुपारी ते दुकानात आले. पावती दुकानाच्या नावाने फाडली. शेठनी कटकट नको म्हणून जागेवर पैसे दिले. त्या वेळी आमचा पोरगा माळ्यावर गठ्ठे लावत होता. त्याला कुणी खाली बोलावले नाही, एक शब्द विचारला नाही.

दंड बरोबर होता की चूक, हा वाद घालायची एक वेळ असते. पावती फाटायच्या आधी विचारता येते, किंवा नंतर लेखी हरकत घेता येते. शेठनी पैसे भरून तो वाद आपल्यापुरता मिटवला. तो त्यांचा अधिकार आहे, पैसे त्यांचे, दुकान त्यांचे. पण स्वतःपुरता मिटवलेला वाद त्यांनी दुसऱ्याच्या खिशातून मिटवला. ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याच्यासमोर ना पंचनामा झाला, ना फोटो दाखवला गेला. पावतीवर त्याचे नाव नाही. म्हणजे कॉर्पोरेशनच्या लेखी तो दोषी नाहीच. त्याला दोषी ठरवले शेठनी, शिक्षा दिली शेठनी आणि वसुलीही केली शेठनी.

कचऱ्याच्या कायद्याची दिशाही याच्या उलट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जबाबदारी ठेवली ती कचरा निर्माण करणाऱ्यावर. कचरा वेगळा करायचा, साठवायचा, रस्त्यावर किंवा गटारात टाकायचा नाही, ठरलेल्या यंत्रणेकडे द्यायचा. या दुकानात कचरा कोण निर्माण करतो? खोकी हेल्परने मागवली नाहीत. त्या खोक्यांतल्या मालावरचा नफा हेल्परला मिळत नाही. नफा शेठचा, मग खोक्याचा पुठ्ठाही शेठचाच. रात्रभर कचरा दुकानात ठेवून सकाळी गाडीला द्यायची सोय करायची, किंवा भंगारवाल्याशी बोलून रोज पुठ्ठा उचलायला लावायचा, हा धंद्याचा खर्च आहे. तो खर्च वर्षानुवर्षे वाचवला, आणि ज्या दिवशी त्याची किंमत मोजायची वेळ आली त्या दिवशी ती १४,००० वाल्याच्या माथी मारली.

आता पगाराच्या कायद्याकडे येऊ. इथे आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. मालकाला वाटते, पगार मी देतो तर कापायचा हक्कही माझा. कामगारालाही तसेच वाटते. दोघेही चुकतात.

या देशात मालकाने मनाला येईल तसा दंड लावायचे दिवस कधीच संपले. मुंबईच्या गिरण्यांत विणकराच्या हातून कापड खराब निघाले की ते त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून कापली जायची. उशीर झाला दंड, उलटून बोलला दंड. १९२८ च्या मोठ्या संपात हा राग होता. पुढे व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ मध्ये अहवाल दिला. त्या कमिशनवर आपले ना. म. जोशी होते. त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला आणि त्याने दंडाला मर्यादा घातली, रुपयामागे अर्धा आणा. इंग्रजांच्या राज्यात, गिरणीमालकांचा दबदबा असतानाही रुपयामागे अर्ध्या आण्याच्या पुढे जाता येत नव्हते. आमच्या शेठनी एका महिन्यात रुपयामागे पावणेसहा आणे कापले.

तो अर्धा आणा पुढे तीन टक्के झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली, तिच्यातही तीन टक्केच आहेत. जुन्या कायद्यात पगाराची कमाल मर्यादा होती, शेवटी ती २४,००० रुपये होती. नव्या संहितेत पगार देण्याच्या आणि कपातीच्या बाबतीत ती अट नाही. लहान दुकान, मोठे दुकान, हाही प्रश्न उरत नाही. कलम १८ म्हणते की संहितेत परवानगी दिलेल्या कपाती सोडून दुसरी कुठलीही कपात करता येणार नाही. आणि कुणी चलाखी करून पगार पूर्ण दिला व मग रोख परत घेतला, तर तीही कपातच धरली जाते.

परवानगी कशाची आहे? गैरहजेरी, उचल, प्रॉव्हिडंट फंड, आयकर, राहायला दिलेले घर, कोर्टाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश वगैरे. यात शेठ कुठली पळवाट शोधतील ते मी सांगतो, कारण त्यांच्या अकाउंटंटने माझ्यासमोर दोन शोधल्या.

पहिली, नुकसानीची. कामगाराच्या हलगर्जीमुळे नुकसान झाले तर कापता येते, असे तो म्हणाला. अर्धेच वाचले होते. ते कलम आहे त्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेल्या मालाविषयी, किंवा ज्याचा हिशोब त्याने द्यायचा आहे अशा पैशांविषयी, आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालेले असले पाहिजे. फाटका पुठ्ठा हा सोपवलेला माल नाही. हेल्परकडे गल्ल्याचा हिशोबही नाही. शिवाय रोज दाखवलेल्या जागीच कचरा ठेवला, यात हलगर्जी कुठली? सांगितलेले काम चोख केले, एवढाच त्याचा गुन्हा.

दुसरी, दंडाची. "आम्ही त्याला दंड लावला असे समजा." समजू. मग कलम १९ वाचा. कोणत्या कृत्यासाठी दंड होईल याची यादी सरकारची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊन दुकानात लावलेली पाहिजे. दंडाआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे १४,००० वर जास्तीत जास्त ४२० रुपये. हप्त्याहप्त्याने वसूल करता येत नाही. दंडाची नोंद रजिस्टरमध्ये हवी. आणि वसूल झालेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही, तो कामगारांच्याच भल्याच्या मंजूर कामावर खर्च करावा लागतो. हे शेवटचे ऐकून अकाउंटंटने फाइल बंद केली. दंड म्हटला तर पैसा शेठकडे राहत नाही, आणि दंड नाही म्हटला तर कापता येत नाही.

सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाचे म्हणाल, तर कॉर्पोरेशनची पावती हा कुणाचा पगार कापायचा आदेश नाही. ती दुकानाने भरलेल्या पैशांची पोच आहे.

एक कागदही निघाला. पगाराच्या दिवशी पोराची सही घेतली होती. इंग्रजीत लिहिले होते की माझ्या चुकीमुळे दंड झाला आणि कपातीला माझी संमती आहे. दहावी नापास पोरगा, समोर शेठ, हातात पगाराचे पाकीट. अशी संमती किती खरी, ते वाचकांनी ठरवावे. कायद्याने मात्र याचा विचार करून ठेवला आहे. संहितेखाली मिळणाऱ्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. म्हणून सही केली म्हणजे सगळे संपले असे कुणी समजू नये. पण न वाचता सहीही करू नये, हे मी त्या पोरालाही जरा रागावूनच सांगितले.

आता आपल्या लोकांकडे वळतो, कारण मला जास्त त्रास त्यांचाच झाला.

शेठ आपल्याच समाजातले. मोहल्ल्यात मान आहे, कुणाच्या आजारपणात, लग्नात मदत करतात. ते खोटे नाही. म्हणून दोन बुजुर्ग माझ्याकडे आले. "भाई, घरातली गोष्ट आहे, बाहेर कशाला नेता? शेठ ईदला त्याला देतील काहीतरी." मी विचारले, चाचा, ईदला जे मिळेल ते कोणाचे? त्याचेच पाच हजार त्याला खैरात म्हणून मिळणार आणि वर त्याने सलाम करायचा? मजुरी हे देणे आहे, दान नाही. एकाच्या मजुरीतून कापून दुसऱ्याला मदत करण्यात कसली उदारता? चाचा उत्तर न देता उठले. नाराज झाले असतील. होऊ देत.

आपल्या वस्तीत आपण नेहमी म्हणतो की कॉर्पोरेशन आमच्याकडे दुजाभाव करते. गाडी वेळेवर येत नाही, गटार साफ होत नाही, आणि वर आम्हालाच अस्वच्छ म्हणतात. खरे आहे, यावर मी स्वतः निवेदने दिली आहेत. पण वर झालेला अन्याय खाली सरकवायचा, हे कुठले उत्तर? बाजारातल्या दुकानदारांनी एकत्र येऊन रात्री किंवा दुपारी गाडीची दुसरी फेरी मागितली असती तर मी त्यांच्या बरोबर गेलो असतो, आजही जाईन. असा एकही अर्ज गेलेला नाही. पाच हजार हेल्परकडून वसूल झाल्यावर अर्ज करायची गरज कुणाला वाटणार? पोराचा पगार कापला त्या रात्रीही पुठ्ठे त्याच विजेच्या पेटीपाशी गेले. मी पाहून आलो.

कुणी विचारेल, कामगाराने खरोखर स्वतःहून कचरा टाकला तर? टेम्पोच्या खिडकीतून बाटली फेकली, चहाचा कप रस्त्यावर टाकला, पान थुंकला? मग पथकाने त्याला पकडावे, त्याच्या नावाची पावती द्यावी, त्याने स्वतः भरावी. माझी काही हरकत नाही. मालकालाही शिस्त लावायची असेल तर यादी लावा, विचारा, ४२० रुपयांपर्यंत दंड करा, रजिस्टरमध्ये लिहा. कायदा कामगाराला मोकळे सोडत नाही. तो मालकाला न्यायाधीश होऊ देत नाही, एवढेच.

दुसरा प्रश्न भीतीचा, आणि तो खरा आहे. पाच हजारांसाठी नोकरी जाईल. पोराच्या अम्मीने हेच विचारले. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. शेठ चिडले तर उद्या येऊ नकोस म्हणू शकतात. पण हिशोबही मांडला. महिन्याचे २६ दिवस धरले तर त्याची रोजी सुमारे ५३८ रुपये. पाच हजार म्हणजे नऊ दिवसांहून जास्त काम फुकट. पथक पुन्हा येणार, कारण कचऱ्याची सोय बदललेलीच नाही. पुढच्या वेळी पुन्हा नऊ दिवस. आणि काढलेच तर सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, तोही याच संहितेने.

दोन रात्री विचार करून पोरगा स्वतः आला. "भाई, लिहू आपण," म्हणाला.

पहिले पत्र शेठला, मराठीत, एका पानाचे. दंडाच्या पावतीची प्रत द्यावी, पगाराची स्लिप द्यावी, कपात कुठल्या कलमाखाली केली ते लेखी कळवावे आणि ५,००० रुपये परत करावेत. शिवीगाळ नाही, धमकी नाही. दुसरा अर्ज माहिती अधिकाराखाली कॉर्पोरेशनला, १० रुपयांचे तिकीट लावून. पावती कोणाच्या नावे, जागा आणि वेळ कोणती, फोटो किंवा पंचनामा आहे का. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. शेठनी ऐकले नाही तर तिसरा अर्ज सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाईल. तो करायला तीन वर्षांपर्यंत मुदत आहे, बेकायदा कपातीच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याची तरतूद आहे, आणि पूर्ण पगार दिला हे सिद्ध करायचे ओझे मालकावर आहे. तो कामगाराने एकट्याने करायची गरज नाही, नोंदणीकृत युनियनही करू शकते.

पत्र रजिस्टर एडीने गेले. पोच आली त्या संध्याकाळी शेठचा मला फोन आला. म्हणाले, अडीच हजार देतो, विषय संपवा. मी म्हटले, शेठ, पैसे माझे नाहीत, ज्याचे आहेत त्याला विचारा. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले. पोराने सांगितले की त्याला पाच हजार हवेत, आणि पुठ्ठा ठेवायला आत जागाही. सध्या तो कामावर आहे. पगाराचा दिवस सातला आहे.