जवळून पाहणे आणि जवळ जाणे

फुलांची आणि कीटकांची जवळून छायाचित्रे काढू पाहणारा नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो लेन्सचा. मॅक्रो लेन्स ६० मिलिमीटरची घ्यावी की १०० मिलिमीटरची, आणि परवडत नसेल तर काय करावे? प्रश्न गैर नाही. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली तरी वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्या आकाराएवढी उमटते, हे त्याचे स्वस्त आणि पुरेसे उत्तरही आहे. परंतु हा प्रश्न पहिला असू नये, असे आमचे मत आहे. कविता न वाचताच तिच्यावरची समीक्षा शोधणारा विद्यार्थी जी चूक करतो, तिच्याच जातीची ही चूक आहे. साधन हाती आले की जवळीक आपोआप साधेल, हा समज दोन्हींच्या मुळाशी असतो.

जवळ जाण्याची किंमत आधी समजून घेतली पाहिजे. किडा सेन्सरवर प्रत्यक्षातल्या आकाराएवढा उमटला, तर त्या प्रमाणाला एकास एक म्हणतात. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, या प्रमाणात आणि एफ ८ या अ‍ॅपर्चरला, स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम १ मिलिमीटर भरते. एफ १६ला ती २ मिलिमीटरच्या आसपास जाते. पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. याउलट प्रमाण निम्मे केले, म्हणजे थोडे मागे सरकले, तर त्याच एफ ८ला सुमारे ३ मिलिमीटर खोली मिळते. म्हणून नवशिक्याला आमचा पहिला सल्ला उलटा वाटेल असा आहे: एक पाऊल मागे या.

दुसरा सल्ला निवडीचा. तीन मिलिमीटरांत सगळे मावत नाही. काय स्पष्ट हवे आणि काय धूसर चालेल, हे बटण दाबण्यापूर्वी ठरवावे लागते. चतुराचा चेहरा टिपायचा तर डोळे स्पष्टच हवेत, शेपटी विरघळली तरी चालेल. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या बाबतीत कॅमेरा पंखांना समांतर धरला, तर तोच पातळ पट्टा संपूर्ण पंखाला पुरतो. अशा वेळी ऑटोफोकस बंद करावा, लेन्स एका प्रमाणावर स्थिर ठेवावी आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुलत नेमका क्षण गाठावा. ही निवड यंत्र करून देत नाही. निबंधात सगळेच सांगू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक जे सांगतात, तेच येथेही लागू पडते.

या संदर्भात कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) याची आठवण होते. बर्लिनच्या कलाशाळेतला हा शिक्षक. वनस्पतींचे आकार विद्यार्थ्यांना दाखवता यावेत म्हणून तो वर्षानुवर्षे घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने देठ, कळ्या आणि अंकुर टिपत राहिला. १९२८ साली ही छायाचित्रे ‘उर्फोर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेचे मूळ आकार’, या नावाने ग्रंथरूपात आली आणि त्याच वर्षी वॉल्टर बेन्यामिनने तिच्यावर परीक्षण लिहिले. एका वाङ्मयसमीक्षकाला या पुस्तकाची दखल घ्यावीशी वाटली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्लॉसफेल्टची सामग्री काय होती? साधी पार्श्वभूमी आणि मऊ प्रकाश. नवशिक्याला या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. फुलामागे दूरवरची सावली येईल अशा बाजूला सरकले की पार्श्वभूमी आपोआप स्वच्छ होते. दुपारचे ऊन पांढऱ्या छत्रीने अडवता येते आणि फ्लॅशवर बटरपेपर लावला की त्याची धार मोडते.

पण ब्लॉसफेल्टचे अनुकरण एका जागी थांबवले पाहिजे. तो वनस्पती तोडून आणत असे, छाटून, मांडून मग टिपत असे. आकाराचा अभ्यास करणाऱ्याला ते चालले असेल. मातीपासून सुटलेले फूल संदर्भापासून तोडलेल्या ओळीसारखे असते, देखणे आणि अर्धे. कीटकांच्या बाबतीत हा मोह अधिक वाईट वळण घेतो. फोकस किंचित सरकवत काढलेल्या अनेक चित्रांतून एक सर्वांगस्पष्ट चित्र जोडण्याची रीत आता नवशिक्यांच्याही आवाक्यात आली आहे. तिला निश्चल विषय लागतो, आणि म्हणून किडा फ्रिजमध्ये ठेवून सुन्न करण्याचा सल्लाही दिला-घेतला जातो. आम्हांला तो अमान्य आहे. त्यात किड्याला त्रास आहे हे तर खरेच, शिवाय त्या चित्रातील किड्याची बैठक त्याची स्वतःची नसते. पहाटे गारव्याने कीटक स्वतःच संथ झालेले असतात, पंखांवर दव असते, वाराही बहुधा पडलेला असतो. फ्रिजऐवजी लवकर उठणे, एवढाच हा पर्याय आहे.

हे सांगण्याचा अधिकार आम्हांला चुकून मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही कासच्या पठारावर गेलो होतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवे फुलतात. करंगळीच्या नखाएवढे ते जांभळे फूल टिपण्यासाठी आम्ही गुडघे टेकले, श्वास रोखला, आणि चित्र मनासारखे आले. उठून पाहतो तो ओल्या मातीत गुडघ्यांचे दोन खळगे, आणि त्यांत चिरडलेली तीच फुले. ही वनस्पती कीटकभक्षी आहे; तिचे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत दडून बारीक जीव पकडतात. म्हणजे जे फूल आम्ही इतक्या जवळून पाहिले, त्याचे अर्धे आयुष्य आमच्या गुडघ्याखाली होते आणि ते आम्हांला दिसलेच नव्हते. ते चित्र आम्ही कोणाला दाखवले नाही. मॅक्रो छायाचित्रणातली जवळीक आणि प्रत्यक्षातली जवळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

म्हणून नवशिक्याने कासला जाण्याची घाई करू नये. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, ती रुई कोणत्याही पडीक जागेत, बहुधा महाविद्यालयाच्या कुंपणालगतही, उभी असते. महिनाभर त्या एकाच झाडापाशी सकाळी जावे. पानांवर कधी बिबळ्या कडव्याची पट्टेदार अळी सापडेल, तिच्या अंगावरच्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मोजता येतील. देठाशी पिवळा मावा दिसेल, माव्यामागे ढालकिडा येईल, फुलाच्या मधल्या पाचकोनी मुकुटावर भुंगा उतरेल. पहिला आठवडा कॅमेरा न नेता फक्त वहीत लिहावे: काय पाहिले, किती वाजता, कोणत्या पानावर. दुसऱ्या आठवड्यापासून टिपायला लागावे. मग कोठे उभे राहायचे, काय सोडायचे आणि कधी थांबायचे, हे त्या वहीवरून कळू लागेल. लेन्सचा प्रश्न त्यानंतर विचारावा. तोवर तो बराच लहान झालेला असेल.