बॅक प्रेशर निर्दोष आहे, सांधा तपासा

गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट बसवला आणि मायलेज १७ वरून १४ वर आलं, तर काय करायचं? मोटारींच्या बाबतीत ज्यांचा शब्द अनेक जण प्रमाण मानतात, अशा एका जाणकारांनी याचं उत्तर एका दमात देऊन टाकलं आहे. पाइप मोकळा झाला की बॅक प्रेशर जातं. इंजिनाला ते लागतंच. ते नसलं की पेट्रोल जळण्याआधीच बाहेर फेकलं जातं. म्हणून एक तर कंपनीचा सायलेन्सर परत लावा, नाही तर ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं, रिमॅपिंग करून घ्या. निदान संपलं. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायचीही गरज त्यांना वाटलेली नाही.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ऐकणाऱ्याच्या खिशाला ते महाग पडतं.

ही समजूत आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. टू-स्ट्रोकच्या काळात ती बरीचशी खरी होती. आरएक्स १०० चालवणाऱ्या पिढीने सायलेन्सरमधलं बॅफल काढून पाहिलं, आवाज मिळाला आणि मायलेज गेलं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असताना एक्झॉस्टचं भोक उघडंच असतं. सायलेन्सरच्या आकारामुळे मागे परतणारी दाबाची लाट ते निसटतं मिश्रण पुन्हा आत ढकलते. ती लाट बिघडली की पेट्रोल खरंच बाहेर जातं. कार्ब्युरेटरच्या मोटारींतही जेट ठरलेला असल्याने पाइप बदलल्यावर मिश्रण हलायचं, आणि ते सुधारणारं कोणी आत बसलेलं नसायचं. पण आज रस्त्यावर असलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या चारचाकीला तोच नियम लावायचा, म्हणजे मधल्या पाव शतकात इंजिनात काय बदललं ते पाहिलंच नाही असं म्हणायचं.

फोर-स्ट्रोक इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तो काळ अगदी थोडा. गाडी साठच्या वेगाने संथ चालली असताना थ्रॉटल बहुतांश बंद असतो. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी, आणि एक्झॉस्टमधला किंचित जास्त. मग वाहणार कुठून कुठे? जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे जळलेला वायूच थोडासा मागे येतो. पेट्रोल बाहेर पळण्याची दिशाच तिथे नाही. शिवाय पाइपचा अडथळा, म्हणजेच बॅक प्रेशर, साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पूर्ण थ्रॉटलच्या तुलनेत संथ चालीत प्रवाह पाव धरला, तरी अडथळा सोळावा हिस्सा उरतो. जो अडथळा मुळातच इतका क्षुल्लक होता, तो काढल्याने लिटरमागे तीन किलोमीटर नाहीसे होत नाहीत.

मग पेट्रोल जातं कुठे? इथे जाणकारांनी ज्या भागाचं नावही घेतलेलं नाही, तो भाग येतो: ऑक्सिजन सेन्सर. पेट्रोल इंजिनाला एक भाग पेट्रोलमागे वजनाने १४.७ भाग हवा लागते. एक्झॉस्टमधला प्राणवायू पाहून सेन्सर ईसीयूला सांगतो की मिश्रण पातळ आहे की घट्ट, आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. सेन्सर धड असेल तर पाइप कुठलाही लावा, संथ चालीत मिश्रण पुन्हा तिथेच आणलं जातं. पण सेन्सरच्या अलीकडे सांधा गळका राहिला तर? एक्झॉस्ट धक्क्याधक्क्याने वाहतो. प्रत्येक धक्क्यामागोमाग क्षणभर दाब खाली जातो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो प्राणवायू दिसतो, तो मिश्रण पातळ असल्याचं कळवतो, आणि ईसीयू निमूटपणे पेट्रोल वाढवत राहतो. जुनीच गॅस्केट पुन्हा बसवलेली असते, वेल्डिंगमध्ये सुईएवढं छिद्र राहिलेलं असतं, फ्लँजचा एक बोल्ट अर्धाच आवळलेला असतो. तीन किलोमीटर तिथे जातात.

आणि यातलं काहीही डॅशबोर्डवर दिसत नाही. ईसीयूची ही दुरुस्ती, म्हणजे लाँग टर्म फ्युएल ट्रिम, बऱ्याच गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि पी०१७१ हा कोड नोंदला जात नाही. ट्रिम अधिक १५ वर अडकला, तर १७ चे सुमारे १४.८ होतात आणि दिवा शांत असतो. अशा गाडीचं रिमॅपिंग करणं म्हणजे खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराच्या जबानीवर निकालपत्र लिहिणं. फट तशीच, सेन्सर तसाच फसलेला, पैसे मात्र गेलेले.

सेन्सर इतर मार्गांनीही बिघडतो. सांध्याला साधं सिलिकॉन फासलं तर त्याची वाफ सेन्सरला निकामी करते. हेडर बदलताना सेन्सर फार मागे सरकवला तर त्याला लागणारी तीनशे अंशांच्या वरची उष्णता उशिरा मिळते.

कोणी एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, काढून टाकायचा सल्ला दिला, तर त्याबद्दल एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या १९० (२) कलमाखाली प्रदूषण आणि आवाजाच्या पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता करायचं काय? आधी घट खरी आहे का ते पाहावं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज आहे. ते पाप पाइपच्या माथी मारू नये. नव्या आवाजाच्या नादात गिअर उशिरा बदलला जातो, हेही मालकाने प्रामाणिकपणे तपासावं. मोजमाप एकाच पंपावर, टाकी फुल ते टाकी फुल. त्यानंतर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून गरम इंजिनाचा ट्रिम बघावा. शून्याच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे असेल तर मिश्रण ठीक आहे. अधिक १२, अधिक १५ दिसला तर स्पार्क प्लग काढावा. सेन्सर मिश्रण पातळ सांगतोय आणि प्लग काजळीने काळा आहे, याचा अर्थ सेन्सर फसलाय. गाडी थंड असताना सुरू करून मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकावी, सांध्यांवर काजळीचे ओघळ शोधावेत, मागच्या नळीशी जाड ओला फडका काही क्षण धरून फुसफुस कुठून येते ते पाहावं. बहुतेकदा नवी गॅस्केट आणि नीट आवळलेले बोल्ट यावर काम भागतं.

रिमॅपिंगसाठी पाकीट काढण्याआधी गाडीमालकांनी मेकॅनिककडे दोन गोष्टी मागाव्यात: स्कॅनरवरचे ट्रिमचे आकडे आणि लिफ्टवर घेतलेल्या गाडीचे सगळे सांधे, स्वतःच्या डोळ्यांसमोर.