ग्रीस ट्रॅप : प्रश्न लिटरचा नव्हे, वेगाचा

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखालच्या गटारात २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चरबीचा एक प्रचंड गोळा आढळला. लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. घराघरांतून टाकलेले ओले पुसणे त्यात अडकले होते हे खरे. परंतु त्यांना घट्ट सांधणारा पदार्थ होता तो स्वयंपाकघरांतून वाहून आलेले तेल-तूप. गरम पाण्याबरोबर ते सहज पुढे सरकते, गटारात थंड होताच थिजते आणि काँक्रीटमधील कॅल्शियमशी संयोग होऊन साबणासारखे टणक बनते.

हे मोरीपाशीच रोखावे म्हणून ग्रीस ट्रॅप बसविला जातो. मात्र तो घेताना 'टाकी किती लिटरची?' एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि गफलत तेथेच होते. तेल पाण्यावर तरंगण्यास वेळ लागतो. ऐन गर्दीच्या वेळी दर सेकंदाला किती पाणी टाकीत शिरते, यावर तो वेळ मिळणार की नाही हे ठरते.

युरोपातील ईएन १८२५ हे मानक याच तत्त्वावर उभे आहे. उपाहारगृहासाठी ते एका जेवणामागे ५० लिटर पाणी आणि गर्दीच्या काळासाठी ८.५ चा गुणक धरते. रोज २०० जेवणे आणि आठ तास काम असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे २.९५ लिटर होतो. भांडी घासण्याची पावडर वा द्रव साबण तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळून टाकतो, म्हणून १.३ ने गुणायचे, उत्तर ३.८४, म्हणजे ४ क्रमांकाचा ट्रॅप. पाणी ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असेल, तर पुन्हा १.३. आता आकडा ४.९९ वर जातो आणि पुढचे उपलब्ध माप थेट ७ क्रमांकाचे आहे! गाळ साठविण्याची जागाही त्यामुळे ४०० लिटरवरून ७०० लिटरवर जाते. केवळ पाण्याच्या उष्णतेने एवढा फरक पडतो.

हे आकडे मुंबई-पुण्यातील उडुपी हॉटेलांना जसेच्या तसे लावणे मात्र धाडसाचे ठरेल. डोसा आणि चहा घेऊन दहा मिनिटांत उठणारे गिऱ्हाईक हे 'एक जेवण' मानायचे का? त्यापेक्षा मीटरवर रोजचा पाणीवापर मोजणे अधिक भरवशाचे. मानकालाही प्रत्यक्ष मोजणी मान्य आहे. शेंगदाणा तेल, खोबरेल आणि तूप यांची घनता ०.९४ पेक्षा कमी असल्याने तेलाच्या प्रकारासाठी वेगळा गुणक लागत नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

अडचण जागेची आहे. चिंचोळ्या स्वयंपाकघरात सिंकखाली मावेल तेवढीच पेटी बसविली जाते आणि मग हिशेब त्या पेटीला जुळविला जातो. ४ क्रमांकाच्या ट्रॅपमध्ये तेलासाठी किमान १६० लिटर जागा अपेक्षित असते. ती भरली की पुढचे तेल सरळ ड्रेनेजमध्ये जाते. म्हणूनच मानक महिन्यातून किमान एकदा, शक्यतो दर पंधरवड्याला ट्रॅप पूर्ण रिकामा करून स्वच्छ पाण्याने भरण्यास सांगते. माप बरोबर निघाले तरी हे काम कोणाकडे आणि निघालेला गाळ नेणार कोण, हे हॉटेलमालकाला आधीच ठरवावे लागेल.