नावं ठेवू नका, नाव ठेवा

साताऱ्याहून संगम माहुलीला गेलात, तर तिथं एका कुत्र्याची समाधी आहे. खंड्या त्याचं नाव. थोरल्या शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. शाहू महाराज गेले १७४९ साली. त्यांच्या दरबारातल्या किती मानकऱ्यांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत? खंड्याचं मात्र लोक अजून घेतात.

त्याच मुलखात आज रात्री महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यामागं मोटारसायकल थांबते. टाकीवर पोतं असतं. पोतं उपडं होतं, गाडी निघून जाते. मागं राहतात चार-पाच पिल्लं, डोळे जेमतेम उघडलेली. बॅटरी मारून बघा, त्यात माद्याच जास्त दिसतील. नर आधीच कुणी ना कुणी उचललेले असतात.

माद्याच मागं राहतात, ही ऐकीव गोष्ट नव्हे. काही वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका प्राणी निवाऱ्यात आम्ही पिल्लू आणायला गेलो होतो. पत्र्याची शेड, फिनेलचा वास, जर्मनच्या थाळ्या. आमच्या आधी एक गृहस्थ आले होते. पिल्लू उचलायचं, पोटाखाली बघायचं, खाली ठेवायचं, असं त्यांचं चाललं होतं.

"नर न्हाई का वो एकबी?"

"नाही, सकाळीच गेले."

"मग ऱ्हाऊ द्या. मादी नको. वर्साला दोनदा पिल्लांचं लचांड कोण निस्तरणार?"

सांभाळणारी बाई काही बोलली नाही. तिनं पिल्लू पिंजऱ्यात ठेवलं आणि कडी लावली. पिंजऱ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'पिंजरा ७, मादी ४.' आम्ही त्यातली एक घेतली, तेव्हा तिनं बोटानं चार पुसून तीन केले.

'मादी नको' हे शब्द ऐकून साताऱ्या-सांगलीच्या माणसाला दुसरा एक शब्द आठवला नाही तरच नवल. नकुशी. याच साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकारानं २८५ मुलींचं नव्यानं बारसं झालं. घरात आणखी एक मुलगीच झाली म्हणून ज्यांचं नाव नकुशी ठेवलं गेलं होतं, त्यांना त्या दिवशी स्वतःचं नाव मिळालं. लेकीची आणि कुत्रीची बरोबरी मी करत नाही. पण जन्मलेल्या जिवाला पोटाखाली बघून 'नको' म्हणायची खोड एकच आहे, आणि ती आपल्याच अंगणातली आहे.

फरक असलाच तर एवढा, की मादी नको म्हणायला निदान एक व्यवहारी कारण आहे. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. ती कुठं सोडायची, हा प्रश्न खराच आहे. पण त्याला उत्तरही आहे, आणि ते पोत्यात नाही, डॉक्टरांच्या टेबलावर आहे. एक शस्त्रक्रिया, आठ-दहा दिवसांची काळजी आणि जन्मभराचं लचांड संपलं. शिवाय पुढं गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, स्तनातल्या गाठींचा कमी होतो. म्हणजे 'मादी नको' हे कारण राहिलेलंच नाही. उरली आहे ती सवय.

आम्ही पिल्लाचं नाव ठमी ठेवलं. निवाऱ्यानं आधारची झेरॉक्स घेतली, शस्त्रक्रिया करून घेईन असं लिहून घेतलं, घर भाड्याचं आहे का, घरमालकाची हरकत नाही ना, तेही विचारलं. मला तेव्हा राग आला होता. फुकटचं कुत्रं, एवढी चौकशी कशाला? आता कळतं. मुलगी देताना घर बघतात, तसं ते घर बघत होते.

पहिले तीन दिवस ठमी सिलिंडरमागून बाहेर आली नाही. ताटली तशीच. चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून ताटली फरशीवर घासल्याचा आवाज आला. आम्ही अंथरुणात पडून तो नुसता ऐकत राहिलो, दिवा लावला नाही. निवाऱ्यातली माणसं सांगतात, बिचकलेलं जनावर तीन दिवसांत भीती थोडी सोडतं, तीन आठवड्यांत घराची रीत शिकतं आणि तीन महिन्यांनी घर आपलं मानतं. दत्तक घेऊन आठवड्यात परत आणून सोडणाऱ्यांनी हा हिशेब आधी ऐकावा.

माझी आई म्हणाली होती, "दारात बांधा, घरात न्हाई." तिसऱ्या आठवड्यात ती ओट्यापाशी बेदाणा निवडत बसली होती आणि ठमी तिच्या पदरावर. आईनं कौतुकानं मूठभर बेदाणा तिच्यापुढं धरला. मी धावत जाऊन हात धरला. तासगावचा बेदाणा माणसाला गोड, पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेटही तसंच घातक. आईनं मूठ मिटली आणि म्हणाली, "द्राक्षाच्या जिल्ह्यात जलमली आणि द्राक्षच नशिबी न्हाई होय गं तुझ्या!" शस्त्रक्रिया झाली तेव्हा टाके चाटू नयेत म्हणून जुना बनियन कापून तिला घातला तो आईनंच. दारातली कुत्री अशी घरात आली.

आता कुणी म्हणेल, हा सगळा भरल्या पोटाचा छंद. गल्लीत पोरांना कुत्री चावतात त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. म्हणून चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, आणि अंगारे-धुपारे, चुना-हळद न करता थेट दवाखाना गाठायचा. पण गल्लीतली भीती कमी करायची तर काठी पुरत नाही. दहातल्या सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात होती. आणि यातली कितीतरी आपणच सोडलेली, किंवा आपण सोडलेल्यांची पिल्लं! पोतं उपडं करणारा हात आणि 'कुत्र्यांचा बंदोबस्त करा' अशा निवेदनावर सही करणारा हात पुष्कळदा एकाच माणसाचा असतो.

जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त. कायद्याच्या धाकानं हे थांबणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्याची वाट दाखवली, पण एक अट घालून: घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. त्या अटीत सगळं आलं. दत्तक म्हणजे दया नव्हे, जबाबदारी.

ही जबाबदारी आपल्याला जड जाण्याचं कारण नाही. हा प्रतिसरकारचा मुलूख आहे. साहेबाच्या राज्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागं उभं राहून इथल्या गावांनी आपला कारभार आपण हाकला. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला त्याच क्रांतिसिंहांचं नाव आहे. याच सांगलीत 'अ‍ॅनिमल राहत' २००३ पासून साखर कारखान्यांच्या बैलांसाठी काम करते आणि थकलेल्या बैलांना म्हातारपणाचा आसरा देते. ज्या मातीत बैलालाही निवृत्ती मिळते, तिथं एका कुत्रीला दार मिळू नये?

तेव्हा मंडळी, उठा. पोरगं हट्ट धरतं म्हणून हजारो रुपये मोजून बर्फातला हस्की सांगलीच्या उन्हात आणू नका. आधी निवाऱ्यात जा. घरातल्या सगळ्यांना विचारून जा, परवडेल का याचा हिशेब करून जा, दहा-बारा वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच जा. जमणार नसेल तर नका घेऊ, त्यात कमीपणा नाही. पण मग शस्त्रक्रियेचा खर्च उचला, गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या. गणेश मंडळांनो, डॉल्बीच्या एका रात्रीचे पैसे बाजूला काढा, नगरपालिका आणि मान्यताप्राप्त संस्थेला हाताशी धरा आणि गल्लीतल्या माद्यांची शस्त्रक्रिया करून घ्या. ग्रामपंचायतींनो, ग्रामसभेत हा विषय घ्या. आणि ढाब्यामागं पोतं उपडं करणारा दिसला, तर बघून न बघितल्यासारखं करू नका. त्याला अडवा.

नाव ठेवल्यानं काय होतं, हे २०१९ च्या महापुरात कळलं. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा बोटीतून माणसं आपापल्या गच्चीवर राहिलेल्या जनावरांना हाका मारत होती. ज्याला नाव होतं, त्याला हाक मारता आली. बिननावाच्या जिवाला हाक कशी मारणार?

गल्लीतल्या कुत्र्यांना नावं ठेवणं आता पुरे झालं. एकीचं नाव ठेवा. निवाऱ्यातल्या कुठल्यातरी पिंजऱ्यावर आजही खडूनं 'मादी' आणि पुढं एक आकडा लिहिलेला असेल. त्यातला एक तरी पुसायला रविवारी सकाळी कोण कोण येतंय?