राजाची सनद, शेजाऱ्याचे दार

लिथुआनियातील कौनासच्या मशिदीला व्हिटाउटास या ख्रिस्ती राज्यकर्त्याचे नाव आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याने तातार मुसलमानांना जमिनी देऊन वसवले. १३८८ मध्ये ज्यूंनाही हक्कांची सनद दिली. आपण मुसलमान ही कथा कौतुकाने सांगतो. मला ती अपुरी वाटते. त्याच देशात नाझींच्या ताब्याच्या काळात नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू मारले गेले, आणि मारणाऱ्यांत स्थानिक लोकही होते. जुन्या सनदेने कोणी वाचले नाही. वाचले त्यांतल्या काहींना शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून लपवले होते. म्हणून कौनासच्या मशिदीविषयी बोलताना व्हिल्नियसजवळच्या पानेरियाई जंगलातील ज्यूंच्या सामूहिक कबरींविषयीही आपण बोलले पाहिजे.