ऋणाची भीती आणि अर्धी राहिलेली पदवी

माझी भाची न्यू जर्सीतील एका काउंटी कॉलेजात क्ष-किरण तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करीत आहे. दुसऱ्या वर्षासाठी तिने तेथील सरकारी कर्ज काढावे, की किराणा दुकानातील नोकरी पूर्ववत चालू ठेवावी, या प्रश्नावर तासगावी आमच्या घरी जो वाद झाला, त्यात "कर्ज ते कर्जच, अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे माझ्या थोरल्या बहिणीचे म्हणणे सर्वांनी निवाड्यासारखे मान्य केले. मला ते मान्य नाही.

या भीतीला आधार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. 1875 साली सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, हा इतिहास आपल्या प्रांताचाच आहे. आणि आमच्या आजोबांचे विहिरीकडचे शेत गहाणखतात गेले, ते बहिणीने स्वतः पाहिले आहे. परंतु ज्या कर्जाचा येथे विचार आहे त्याला तारण लागत नाही, त्याचा व्याजदर घेतेवेळीच कायमचा ठरतो, आणि गरज सिद्ध करून मिळणाऱ्या प्रकारात शिक्षण चालू असेतो व्याजाचा भार सरकार उचलते. फेड सुरू होते ती कॉलेज सोडल्यावर सहा महिन्यांनी. एक गोष्ट बहिणीच्या बाजूची आहे व ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल : दिवाळे काढूनही या कर्जातून सहसा सुटका होत नाही.

आता आकडे. गरज सिद्ध करून मिळणाऱ्या प्रकारात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त 4,500 डॉलर मिळतात. 2024-25 च्या 6.53 टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर दरमहा सुमारे 51 डॉलर व एकंदर सुमारे 6,140 डॉलर पडतात. न्यू जर्सीचे 2024 चे किमान वेतन ताशी 15.13 डॉलर होते. म्हणजे त्या दराने 4,500 डॉलरच्या कर्जाने भाचीला दुकानातले जवळजवळ तीनशे तास परत मिळतात. हे तीनशे तास हाच साऱ्या वादाचा गाभा आहे, आणि घरच्या चर्चेत त्यांचा उल्लेखही झाला नाही.

क्लिनिकलच्या, म्हणजे प्रत्यक्ष सरावाच्या, दिवशी भाची सकाळी सातला रुग्णालयात असते. गळपट्टीला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, खिशात स्वतःच्या आद्याक्षरांच्या शिशाच्या दोन खुणा, एक उजव्या अंगाची आणि एक डाव्या अंगाची. प्रत्येक चित्रावर यांतली योग्य खूण उमटलीच पाहिजे. या कामाचा मोबदला मिळत नाही. दुपारी तेथून निघून रात्री दहापर्यंत दुकानात उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी शरीररचनेची परीक्षा. असे अभ्यासक्रम बहुधा वर्षातून एकदाच सुरू होतात व त्यांतील विषय एकापुढे एक गुंफलेले असतात. सबब एका विषयात नापास होणे म्हणजे पुष्कळदा वर्षभर थांबणे. 2023 साली अमेरिकेत क्ष-किरण तंत्रज्ञाचे मध्यक वेतन, म्हणजे निम्म्यांना ज्याहून अधिक व निम्म्यांना ज्याहून कमी मिळते ते, 73,410 डॉलर होते. न्यू जर्सीत 2024 च्या किमान वेतनाच्या पूर्णवेळ नोकरीत वर्षाला साडेएकतीस हजार डॉलरच्या आतच हाती येत. नवशिक्याचे वेतन मध्यकाहून बरेच कमी धरले, तरी रखडलेले एक वर्ष या कर्जाच्या व्याजमुद्दलाहून महागच पडते.

कर्ज जितके लहान तितके निर्धोक, हा समजही तपासला पाहिजे. अमेरिकेतील शैक्षणिक कर्जांत हप्ते थकण्याचे प्रमाण मोठ्या कर्जदारांपेक्षा लहान कर्जदारांत अधिक आढळते, कारण त्यांतील अनेकांनी शिक्षण अर्धवट सोडलेले असते : ऋण पदरी पडले, पदवी पडली नाही. विद्यार्थ्याला बुडवते ते हे अर्धवटपण, आणि पैशाच्या भीतीने अभ्यासाचे तास दुकानाला देणे हा त्या अर्धवटपणाकडेच नेणारा रस्ता आहे.

याउलट, रुग्णालयात पगार चांगला, तेव्हा वाटेल तितके कर्ज काढा, असे सांगणाऱ्या खासगी शाळांच्या दलालांचाही मी तितकाच विरोधी आहे. वैद्यकीय साहाय्यकांचे वर्ग चालवणारी कोरिंथियन ही नफेखोर संस्था 2015 साली बंद पडली, आणि 2022 मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याला तिच्या सुमारे 5,60,000 विद्यार्थ्यांचे 5.8 अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. तेथे नोकरीची आशा दाखवली गेली. किती जणांना खरोखर काम मिळते, हे सरळपणे सांगितले गेले नाही. क्ष-किरण अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जेआरसीईआरटी ही संस्था मात्र अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे, परवाना-परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे आणि नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण जाहीर करायला लावते. पगाराच्या आकड्याआधी हे तीन आकडे वाचावेत, आणि ते चांगले असतील तर अभ्यासासाठी वेळ मिळवून देणारे कर्ज निःशंक काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाचीच्या कॉलेजाचे हे तिन्ही आकडे मी परवा बहिणीला फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती, मग तिने विचारले, "दुकानात रात्री उभं राहायचं नसलं, तर जेवायला वेळेवर घरी येईल ना गं ती?"